विहिरीतलं मतदान

१

पेटी गेली, आणि ती गेल्याचं धड कळायच्या आधीच चोर कोण ते ठरून गेलं होतं. आमच्याकडे हे काम फार झटपट होतं. चाकणचा रस्ता रुंद व्हायला पिढ्या जातील, पण चोर ठरवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही.

मी गिरजाबाई. कुरणवाडीच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. आता मोशीत मुलाच्या फ्लॅटवर असते, पण गावात काही कार्यक्रम असला की बसने येते. लोक मला बोलावतात आणि मग बोलावल्याचा पश्चात्ताप करतात. त्या दिवशीचा कार्यक्रम होता प्रदर्शनाचा. ‘भामखोरे लोकसभा : एका मतदारसंघाची कहाणी’.

हा मतदारसंघ आता नकाशावर नाही. पुनर्रचनेत त्याचे तुकडे झाले, अर्धी गावं इकडे गेली, अर्धी तिकडे. खेड्यांचा मतदारसंघ होता हो तो. खेड्यांची गोडाऊनं झाल्यावर मतदारसंघ कुठला राहायला? पण इतिहास मोठा होता. तो सगळा स्वप्नालीने, म्हणजे गावातल्याच एका तरुण प्राध्यापिकेने, जुन्या शाळेच्या हॉलमध्ये फळ्यांवर मांडला होता. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर चित्र चिकटवलेलं असायचं, तिथपासून सुरुवात. मग शिक्क्याच्या मतपत्रिका आल्या. मग सत्त्याहत्तर साली दादासाहेब पडले ते. आणि मग ऐंशी सालचा फळा, ज्याच्यापुढे त्या दिवशी सगळी गर्दी जमली होती.

ऐंशी सालची गोष्ट इथल्या कुणालाही झोपेत विचारा. दादासाहेब आणि सोपानराव यांच्यात अटीतटीची लढत. मतमोजणीत सोपानराव केसभर पुढे. पण कुरणवाडी केंद्राची मतपेटी तालुक्याला पोचलीच नाही, जीपमधून वाटेतच नाहीशी झाली. निकाल अडला. इथे फेरमतदान झालं, आणि तेवढ्या एका केंद्रावर दादासाहेब खासदार झाले. पुढे ते, मग त्यांचं घराणं, मग त्यांच्या जमिनी, मग त्या जमिनींवर गोडाऊनं. सगळा डोलारा त्या एका पेटीवर उभा आहे.

जीप चालवत होता नवाब. त्याला पोलिसांनी नेलं, झोडपलं, कोठडीत ठेवलं. शाबीत काही झालं नाही, पण सुटून आला तो ‘पेटीचोर’ होऊनच. मेला तेव्हाही लोक म्हणाले, पेटीचोर गेला. स्वप्नालीच्या फळ्यावरही तसंच लिहिलं होतं: ‘जीपचालक नवाब याने पेटी पळवल्याचे बोलले जाते.’ बोलले जाते म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर तिला इतिहास म्हणायचं.

आता खरी गंमत ऐका. गेल्याच आठवड्यात शाळेमागची जुनी विहीर बुजवायला घेतली, दादासाहेबांचे चिरंजीव हिंदुराव यांना तिथे ट्रक उभे करायचे आहेत म्हणून. जेसीबीच्या दातांत गाळाबरोबर एक लोखंडी पेटी वर आली. झाकणावर अजून वाचता येत होतं, केंद्र कुरणवाडी. तीच पेटी! गावात उत्सवच. नवाबचा मुलगा नौशाद गॅरेज चालवतो. त्यानेच मागून घेतली, गंज काढला, बाहेरून तेलपाणी केलं, आणि आदल्या संध्याकाळी स्वप्नालीच्या हवाली केली. पाटावर ठेवून बायकांनी तिला हळदकुंकू लावलं.

आणि उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी पोचले तर पाट रिकामा होता. हळदकुंकवाची बोटं तेवढी पाटावर उमटली होती.

“नवाबाचाच पोरगा!” हिंदुराव हॉलच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. “बापानं एकदा न्हेली, आता ह्यानं न्हेली. रक्तातच हाय त्येंच्या!”

“हिंदुराव, कुलूप फुटलंय का?” मी विचारलं.

“न्हाई. पर त्यो मेकॅनिक हाय बाई, त्येला काय कुलपाचं?”

दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे: स्वप्नाली, हिंदुराव आणि प्रदर्शनाचे अध्यक्ष उद्धवराव गुरुजी. कोपऱ्यात गुरुजींनी स्वतः लिहिलेल्या मतदारसंघाच्या इतिहासाचे गठ्ठे ठेवले होते, सुतळीने बांधलेले. राग आला की हाताला काम लागतं मला. मी एक गठ्ठा सोडायला बसले. गाठ सुटता सुटेना, शेवटी दाताने ओढली.

तेवढ्यात स्वप्नालीचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता.

“बाई, पेटी सापडली. नौशादभाईंच्या गॅरेजमागं.”

२

नौशादचं गॅरेज हमरस्त्याला लागून आहे, मागे जुन्या टायरांचा उघडा ढीग. त्या ढिगाखाली गोणपाटात गुंडाळलेली पेटी. कोणीतरी निनावी फोन केला होता पोलिसांना. अहो, चोर पकडून देणारे एवढे तत्पर लोक माझ्या गावात कधी झाले?

फौजदार गणराज माझाच विद्यार्थी. लहानपणी पाढे म्हणताना रडायचा, आता मिशा ठेवल्यात. नौशाद त्याच्या जीपशेजारी मान खाली घालून उभा होता. हातकड्या घातल्या नव्हत्या, तेवढी लाज गणराजने राखली होती.

“बाई, मी न्हाई नेली,” नौशाद म्हणाला. “मला न्ह्यायची असती तर मी दिलीच कशाला असती? हप्ताभर माझ्याकडंच होती की ती.”

“हेच मी यांना विचारणार आहे,” मी म्हटलं. “गणराज, विचार की जरा. डोकं टोपीखाली कशाला ठेवलंय?”

“बाई, माल त्याच्या जागेत सापडला. मला न्यावंच लागेल. पेटी मुद्देमाल म्हणून जमा होईल, पुढचं कोर्ट बघेल.”

मुद्देमाल! एकदा पोलीस ठाण्याच्या खोलीत गेलेली वस्तू कोणी पुन्हा बघितली आहे का? धूळ खात पडते, आणि ज्याच्यावर आळ आला तोही तसाच पडतो. नौशादच्या म्हाताऱ्या आईने, खैरुन्निसाने, हे सगळं आधी एकदा बघितलेलं होतं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. रडत नव्हती. मला तिचं ते न रडणं बघवेना.

“बाई,” ती म्हणाली, “असंच न्हेलं होतं ह्येच्या बापाला. हितनंच. मी नवी नवरी होते. त्या दिवशी सकाळी पयलंच मत टाकलं होतं मी, बोटाची शाई वाळली का न्हाई ते बघत बसले होते. आन् दुसऱ्या दिवशी नवरा न्हेला. फेरमतदानाला आमच्या खालच्या आळीतलं एक माणूस घराबाहेर पडलं न्हाई. कोण पडंल?”

“भाभी, या वेळी नाही नेऊ देणार,” मी म्हटलं. म्हटलं खरं, पण माझ्याकडे काय होतं? राग होता. रागाने जामीन मिळत नाही.

“गणराज, उद्घाटन दुपारी चार वाजता आहे,” मी म्हटलं. “तोवर नौशादला इथंच बसव, पाहिजे तर एक शिपाई ठेव. आणि चारला ही पेटी हॉलमध्ये घेऊन ये. पंचनामा तिथंच कर, सगळं गाव पंच आहे.”

“बाई, साहेब मला—”

“साहेबांना सांग, बाईंनी छडी दाखवली.”

तो हसला, आणि मान हलवली. मग मी गोणपाट बघितलं. गणराजने ते नीट ठेवलं होतं, गाठ न सोडता बाजूने कापून. सुतळी पेटीच्या चारी अंगांनी फिरवलेली, वर फुलीसारखा चौकडा, आणि गाठ बरोबर मधोमध, चपटी. मी गोणपाट घडी करून गणराजच्या हातात दिलं आणि म्हटलं, हे जपून ठेव, आणि कोणाला दाखवू नको.

मग पेटी. झाकण गंजून कडेला एकजीव झालेलं, पहारीनेही हलणार नाही असं. नौशाद म्हणाला, “झाकण उघडायचा लई प्रयत्न केला बाई. न्हाई उघडलं. कापायचं तर जीव झाला न्हाई.” वरच्या बाजूला मतपत्रिका टाकायची फट. मी फटीत बोट घातलं. बोट आत गेलं, ओल्या गाळाला लागलं.

मी बोट बाहेर काढून बघत राहिले. राग गेला नाही. पण तोवर तो सगळ्या गावावर होता, आता तो एका माणसाच्या दिशेने निघाला होता.

३

आधी हिंदुराव. त्यांच्या गोडाऊनच्या ऑफिसात एसी एवढा की पदर अंगभर घ्यावा लागला. काचेतून खाली खोकी बांधताना दिसत होती. मशीन खर्रकन पिवळी प्लास्टिकची पट्टी आवळत होतं.

“बाई, तुमी त्येंची बाजू का घेता?” हिंदुराव म्हणाले. “माझ्या वडलांचं नाव त्या पेटीशी जोडलंय. आज मोठी माणसं येणार हायेत. पेटीच न्हाई म्हणजे माझी शोभा झाली.”

“तुम्हाला पेटी हवी होती की नको होती?”

“हवी होती की! म्हणजे काय? लोकांनी बघावं, माझ्या वडलांना कसा त्रास दिला त्ये. पेटीसकट चोरून न्हेली त्यांची मतं!”

हा माणूस मला आवडत नाही. आयत्या बिळावर नागोबा. पण त्याचा राग खरा होता. त्याला लहानपणापासून सांगितलेली गोष्ट तो खरी मानत होता, आणि पेटी गेल्याने त्याचाच तमाशा हुकला होता. शिवाय एक साधी गोष्ट. त्याच्या गोडाऊनमध्ये सुतळी औषधालाही सापडली नसती.

“हिंदुराव, एक सांगा. पेटी चाकणच्या नाक्यावर चहाला थांबलेल्या जीपमधून गेली म्हणतात. मग ती इथं शाळेमागच्या विहिरीत कशी?”

“नवाबानं परत आणून टाकली आसंल.”

“का? नाक्यापासून इथवर ओढे आहेत, खाणी आहेत. पोलीस ज्या गावात येणार तिथंच घेऊन यायची?”

“त्ये गुरुजींना विचारा. केंद्राध्यक्ष त्ये व्हते.”

“विचारणार आहे,” मी म्हटलं.

वाटेत स्वप्नालीला गाठलं. ती फळ्यांच्या कडा चिकटपट्टीने चिकटवत होती. तिच्या फळ्यावरून मी तिला आधी चांगलंच झापलं. ‘बोलले जाते’ लिहिताना कोण बोललं ते लिहायला काय झालं होतं? तिने वाद घातला नाही.

“बाई, ते वाक्य माझं नाही. गुरुजींच्या पुस्तकातून घेतलंय. आणि पेटी मिळाल्यापासून गुरुजी म्हणत होते, ती प्रदर्शनात ठेवू नकोस, चिखलाची घाण आहे, प्रदर्शन मंडळाच्या कपाटात ठेवू. मीच हट्ट केला. काल संध्याकाळी त्यांनी ती पहिल्यांदा जवळून बघितली. चष्मा पुसून पुसून बघत होते.”

“काही म्हणाले?”

“नाही. फक्त विचारलं, उद्या कोण कोण जुनी मंडळी येणार आहेत? इलेक्शन ड्युटी केलेली कोण आहेत का? मी तुमचं नाव सांगितलं.”

माझं नाव! एसीच्या हवेत नव्हता आला तेवढा गारवा मला त्या उघड्या व्हरांड्यात आला.

४

उद्धवराव गुरुजी. यांच्याविषयी वाईट बोललं तर गावात कोणी पाणी देणार नाही. मीही बोलले नसते. मी नोकरीला लागले तेव्हा इलेक्शन ड्युटीचं सगळं त्यांनीच शिकवलं मला. मतपत्रिकेची घडी कशी घालायला सांगायची, शाई कुठे लावायची, लाख कशी वितळवायची, सगळं. आम्हा शिक्षकांच्या हाताला ते वळण आयुष्यभर राहतं. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठेही आम्ही तसेच बांधतो.

ते ओसरीत आरामखुर्चीत बसले होते. थकलेले. मला बघून उठू लागले.

“बसा गुरुजी. नौशादला धरलंय.”

“ऐकलं. वाईट झालं.” त्यांनी डोळे मिटले. “पण गिरजा, माणसाचा मोह असतो. बापाचा डाग पुसायचा म्हणून पेटीच नाहीशी करावी, असं वाटलं असेल त्याला.”

बघा, कसं गोड. दगड मारायचा, पण फुलात गुंडाळून.

“गुरुजी, त्या दिवशीचं मला पुन्हा सांगा ना. माझं पोरकटपण समजा, पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

त्यांनी सांगितलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तेच सांगत आलेत, त्यामुळे कुठे अडखळले नाहीत. मतदान शांततेत झालं. संध्याकाळी त्यांनी स्वतः पेटी बंद केली, सुतळी बांधली, लाख लावली. एजंटांनी सह्या केल्या. पेटी जीपमध्ये ठेवली. नाक्यावर सगळे चहाला उतरले, नवाब जीपपाशी थांबला. परत आले तर पेटी नाही, आणि नवाब म्हणतो मी लघवीला गेलो होतो.

“पेटीची फट बंद केली होती?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“अगं, काय विचारतेस? फट बंद केल्याशिवाय लाख लावता येते का? मीच शिकवलंय ना तुला?”

“हो गुरुजी. तुम्हीच शिकवलंय.”

मी पाणी प्यायले, नमस्कार केला आणि म्हटलं, “दुपारी या. मुलांना तुमच्या तोंडून ऐकायचंय सगळं. जुन्या काळी पेटी कशी बांधायचे तेही जरा दाखवा, स्वप्नाली व्हिडिओ करणार आहे.”

ते खूश झाले. खोटं सांगत नाही, अगदी मनापासून खूश झाले. परत येताना रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, आणि मी त्या धुरात उभी राहून एकटीच शिव्या देत होते. एका रिक्षावाल्याने विचारलं, “आजी, बरं हाय ना?” मी म्हटलं, नाही.

५

चार वाजता हॉल भरला. मोठी माणसं पुढच्या रांगेत, कॉलेजची मुलं मागे. हिंदुरावांचा चेहरा उतरलेला. नौशाद शिपायाशेजारी दाराजवळ. खैरुन्निसा त्याच्यामागे, पदर डोक्यावर. गणराजने पेटी पाटावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाढ्याच्या वेळची भीती.

गुरुजी माइकसमोर सुरेख बोलले. मतदारसंघाचा इतिहास, बैलगाडीतून जाणाऱ्या पेट्या, बायकांची पहिली रांग. लोक टाळ्या वाजवत होते. मग मी उठले.

“गुरुजी, मुलांना पेटी बांधायची दाखवा ना.”

मी त्यांच्यापुढे पत्रकांचं रिकामं खोकं ठेवलं आणि सुतळीचा गुंडा दिला. त्यांनी बाह्या सारल्या. म्हातारपणाने हात कापत होते, पण सुतळी हातात आली आणि कापरं गेलं. चारी अंगांनी फिरवली, वर चौकडा केला, गाठ मधोमध घेतली आणि अंगठ्याने दाबून चपटी केली.

“गाठ मधेच का गुरुजी?” मी विचारलं.

“लाखेसाठी. गाठ कडेला घेतली तर लाख नीट बसत नाही. आणि चपटी, म्हणजे शिक्का उमटतो.” ते मुलांकडे बघून हसले. “ही गाठ आता कोणाला येत नाही. मास्तर लोकांनाच येते.”

“गणराज,” मी म्हटलं, “ते गोणपाट काढ.”

गणराजने घडी उलगडली आणि ते खोक्याशेजारी ठेवलं. तोच चौकडा. तीच गाठ, मधोमध, चपटी.

गुरुजींनी खाली बघितलं, आणि हाताची बोटं हळूहळू मुठीत घेतली.

“हिंदुराव सगळं प्लास्टिकच्या पट्टीने बांधतात,” मी म्हटलं. “स्वप्नाली चिकटपट्टीने. नौशादच्या गॅरेजात जाऊन बघा, जुनी ट्यूब कापून तिच्या रबराने बांधलेलं सापडेल सगळं, सुतळी नाही. चोराच्या पोत्याला लाखेची गाठ मारायची सवय शिक्षकालाच असते. आणि या हॉलची किल्ली असलेला शिक्षक एकच. कुंपणानेच शेत खाल्लं, गुरुजी.”

“गिरजा, तुझा गैरसमज...”

“थांबा. अजून गाठीपाशीच आहे मी. तुम्ही पेटी का नेली तेही सांगते. ही फट बघा. उघडी आहे. काल संध्याकाळी तुम्ही चष्मा पुसून बघितलीत ती हीच.”

“ती त्याने उघडली असेल! त्याच्याकडेच होती की आठवडाभर!” ते नौशादकडे बोट करून ओरडले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“हेच म्हणता यावं म्हणून पेटी त्याच्या दारात टाकलीत. मग फट उघडी असली तरी दोष त्याचा, आणि पेटी जाणार पोलिसांच्या खोलीत. पण गुरुजी, तुम्हीच मला शिकवलंत. फटीची पट्टी एकदा सरकवली की आत अडकते. झाकण काढून आतून सोडवल्याशिवाय ती मागे येत नाही. झाकण कधी उघडलंय का? गणराज, ओढ जोर लावून.”

गणराजने ओढलं. नौशादने ओढलं. हिंदुरावसुद्धा पुढे आले आणि त्यांनीही ओढलं. झाकण हललं नाही.

“म्हणजे ही फट कधीच बंद झाली नव्हती. पेटी बंद झाली नाही, लाख लागली नाही, जीपमध्ये चढलीच नाही. मतदान चालू असताना ती या शाळेच्या मागच्या खिडकीतून विहिरीत गेली. नाक्यावरून नाहीशी झाली ती दुसरीच पेटी. केंद्राला सोबत दिलेली जादा, रिकामी पेटी, मागाहून मांडलेली. ही पेटी नवाबच्या जीपमध्ये नव्हतीच, तो ती चोरणार कशी!”

मी ओरडत होते हे मला नंतर कळलं. स्वप्नाली म्हणाली, बाई, माइक लागला नसता तरी चाललं असतं.

६

गुरुजी खुर्चीत बसले. “पुस्तकांचा गठ्ठा म्हणून रिक्षात घालून नेली काल रात्री,” ते खाली बघत म्हणाले. मग ऐंशी सालचं सांगू लागले.

“जेवणाच्या वेळेला आले,” ते म्हणाले. “दादासाहेबांची माणसं. दोन्हीकडचे एजंट जेवायला नेले होते. सकाळपासून खालच्या आळीची रांग होती, सगळी मतं सोपानरावांची. भरलेली पेटी त्यांनी उचलली, रिकामी मांडली. संध्याकाळी मतं कमी भरली असती, म्हणून ती पेटी वाटेत जायला हवी होती. मला म्हणाले, तुम्ही फक्त चहाला उतरा. कोणाला काही होणार नाही.”

“आणि नवाबला काय झालं?” मी विचारलं.

ते समोरच्या खोक्यावरची सुतळी बोटाने सारखी करू लागले.

“तुमच्या पुस्तकात लिहिलंत, बोलले जाते. कोण बोललं हो? तुम्हीच बोललात. स्वतःच बोलायचं आणि स्वतःच ‘बोलले जाते’ लिहायचं! लाज नाही वाटली?”

हिंदुराव उठून उभे होते. वडिलांचा फोटो ऐंशीच्या फळ्यावर मधोमध लावलेला होता, हार घातलेला. मला वाटलं, आता हा प्रदर्शन बंद करायला सांगेल. पण मुलं फोन वर धरून त्याच्याकडेच बघत होती, आणि तो बाहेर निघून गेला. गोडाऊनं मात्र तिथंच राहतील, हे मला माहीत आहे. गणराज माझ्या कानाशी म्हणाला, आजच्या चोरीचं आणि खोट्या फोनचं बघतो, पण ऐंशी सालचं आता काही होणार नाही, बाई. दादासाहेब मेलेत, निकाल कोणी बदलणार नाही, मतदारसंघही नाही. खरं होतं, आणि त्यामुळे तर माझी तळपायाची आग मस्तकाला गेली.

मग खैरुन्निसा पुढे आली. गर्दीने तिला वाट करून दिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिली असेल.

“नौशाद,” ती म्हणाली, “झाकण काप.”

“अम्मी, मुद्देमाल हाय त्यो—”

गणराजने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. “पंचांसमक्ष उघडली असं लिहितो,” तो म्हणाला, आणि त्याने शिपायाला नौशादच्या दंडावरचा हात काढायला सांगितलं.

नौशादने गॅरेजमधून ग्राइंडर आणला. ठिणग्या उडाल्या, गंजाचा वास पसरला, पुढच्या रांगेतली मोठी माणसं मागे सरकली. झाकण निघालं. आत काळा गाळ, आणि गाळात कागद. कागद कसला, दह्यासारखा घट्ट बसलेला एक गोळा. नौशादने तो दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवला. कालचं हळदकुंकू अजून तिथं होतं.

खैरुन्निसा त्या गोळ्याकडे बघत राहिली. मग तिने गुरुजींकडे बघितलं.

“माझं मत हाय यात,” ती म्हणाली. “पयलं. सकाळी लवकर गेले होते, तुमीच शाई लावली माझ्या बोटाला. म्हणाला होता, घडी नीट घाल पोरी, न्हाई तर शिक्का दुसरीकडं उमटंल. नीट घातली मी.”

“खैरुन्निसा...” गुरुजी म्हणाले.

“तुमी केंद्राध्यक्ष होता न्हवं? मग मोजा.”

“ते आता कसं मोजणार? चिखल झालाय त्याचा.”

“चिखल आमी न्हाई केला. मोजा.”

गुरुजींनी हात पुढे केले. बोटं गोळ्याला लागली आणि एक कागदाचा तुकडा सुटून आला, तो बोटांतच विरघळला. त्यांनी पुन्हा हात पुढे केला. बाहेर हमरस्त्यावर कंटेनरचे हॉर्न वाजत होते.

“मोजून होईस्तोवर मी हितंच बसते,” खैरुन्निसा म्हणाली, आणि पुढच्या रांगेतली एक खुर्ची ओढून बसली.

मीही तिच्या शेजारी खुर्ची घेतली.